तिसरं खापर

पहिलं खापर जयमालाच्या पाठीवर फुटलं.

चांगलं भाजलेलं खापर होतं. उत्तमराव कुंभारानं खास तिच्यासाठी घडवलेलं, पोट फुगीर, तळ पातळ, चुलीवर पालथं घातलं की अख्खा मांडा पसरेल एवढा घेर. गोकुळनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि परातीवर वाकलेल्या बायकोच्या पाठीत घातलं. तुकडे ओसरीभर उडाले. एक तिच्या मानेत रुतला. तो शेजारच्या छायानं दुसऱ्या दिवशी चिमट्यानं ओढून काढला आणि वर हळद दाबली.

"कोनी इचारलं तं?" छाया म्हणाली.

"मोरीत घसरली म्हनून सांगजो."

गोकुळ दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं. मारणाऱ्या नवऱ्याची गोष्ट निघाली की ऐकणारे लगेच बाटली शोधतात आणि सगळं तिच्यावर ढकलून मोकळे होतात. सोनाळ्यात या माणसाचं वजन होतं. संत्र्याची बाग होती, भजनात त्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा, कुणाची मयत झाली की पहिला खांदा त्याचा. चारचौघांत तो कधी आवाज चढवायचा नाही. तो सगळा आवाज घरी आणायचा आणि हातातून काढायचा. भाजी खारट झाली, दार उघडायला उशीर झाला, बायको खिडकीतून बाहेर बघत होती, त्याला काहीही पुरायचं. आणि आता तर त्याला भलं मोठं कारण सापडलं होतं. बायको मांडे विकू लागली होती.

"आपल्या घरचं अन्न वाढाचं असते," तो म्हणायचा. "इकाचं नसते. माह्या बापाच्या पंगतीत अर्धं गाव जेवून गेलं अन तू त्याच्याच चुलीवर दुकान मांडतं?"

ही मांड्यांची कल्पना जयमालाच्या डोक्यात आली ती बुलढाण्यात. त्याच्या आधी गोकुळनं तिच्या जबड्यावर पितळी तांब्या मारला होता आणि ती सुजलेलं तोंड घेऊन माहेरी, जानेफळला निघून गेली होती. भावानं चहा दिला, भावजयीनं गादी घातली. मग भाऊ म्हणाला, "राहा बाई चार दिवस, घर तुहंच हाय. मंग?" तो वाईट माणूस नव्हता. पण त्या एका 'मंग'नं तिला जे कळलं ते तांब्यानंही कळलं नव्हतं. तिला जायला जागाच नव्हती. स्वतःचं म्हणावं असं काही हाताशी असल्याशिवाय ती कुठंच राहू शकणार नव्हती, ना इथं, ना तिथं.

परतताना बुलढाण्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं भिंतीवर पाटी होती. महिलांसाठी छोटा धंदा कसा सुरू करायचा याचं शिक्षण, राहणं-जेवण फुकट. जयमाला सोनाळ्याच्या गाडीत बसलीच नाही. सासरी वाटलं ती माहेरी आहे, माहेरी वाटलं ती सासरी पोचली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या दिवसांत तिला पोटभर झोप लागली.

शिकवायला पुष्पांजली मॅडम होत्या. बाई उंच, आवाज खणखणीत, लाडीगोडी अजिबात नाही. पहिल्याच दिवशी बायकांनी कर्ज कुठून मिळेल म्हणून कालवा केला, तेव्हा त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं. "ते शेवटी. आधी मला सांगा, तुमचा माल घेणार कोण? घ्यायलाच कुणी नसेल तर कर्ज घेऊन काय लोणचं घालणार?"

जयमालाला विचारलं, तुला काय येतं? ती म्हणाली, मांडे येतात. वर्ग हसला. मांडे काय, सोनाळ्याकडं घरोघर होतात. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "घरोघर होतात? नीट आठवून सांग."

तिनं आठवलं. आणि एकेक घर डोळ्यांपुढं आलं तसं तिच्या लक्षात आलं, की होत नाहीत. म्हाताऱ्यांचे हात थकले होते. नव्या सुनांच्या घरी गॅस होता, आणि गॅसच्या शेगडीवर खापर बसत नाही. वस्त्रगाळ कणीक तिंबायची, पुरण भरायचं, मग तो मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि फाटू न देता खापरावर टाकायचा, हे आता मोजक्या बायकांना येत होतं. पण सण आला, लग्न आलं की मांडा सगळ्यांनाच हवा होता. तिला ते काम सासूनं शिकवलं होतं. मनकर्णाबाईचे मांडे पंचक्रोशीत नावाजलेले होते. शिकवताना म्हातारीनं तिच्या बोटांवर लाटण्याचे इतके फटके दिले होते, की फाटलेला मांडा दिसला तरी तिची बोटं आपोआप मिटायची.

शेवटच्या दिवसांत मॅडमनी विचारलं, "तुमच्या धंद्याला सगळ्यात मोठा धोका कुठला?" कुणी म्हणालं लोडशेडिंग, कुणी म्हणालं उधारी. जयमालाची पाळी आली.

"खापर फुटनं," ती म्हणाली.

"मग दोन ठेव."

"दोन्ही फुटले तं?"

मॅडमनी तिच्या जबड्याकडे पाहिलं. सूज उतरली होती, पण पिवळा डाग राहिला होता. त्या काय समजायचं ते समजल्या. "मग एका जागी ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "धंद्यातलं सगळं एका छपराखाली असलं की एका माणसाला ते मोडता येतं. वेगवेगळ्या जागी असलं की त्याला फिरावं लागतं."

बाकी पुष्कळ शिकवलं तिथं, पण जयमालानं गाठीशी बांधून आणलं ते हे एवढंच.

सोनाळ्याला आल्यावर तिनं उत्तमरावाकडून तीन खापरं करून घेतली. नवं खापर एकदम मोठ्या जाळावर चढवलं की तडकतं. आधी महिनाभर मंद आचेवर त्याच्यावर भाकरी भाजाव्या लागतात, तेव्हा ते मांड्याला चालतं. म्हणून एक घरी ठेवलं, एक छायाच्या चुलीवर आणि एक खुद्द उत्तमरावाच्या बायकोकडं. त्या दोघी त्यावर आपापल्या भाकरी भाजायच्या आणि खापर तयार व्हायचं. घरचं खापर तिच्या पाठीवर फुटलं, तेव्हा गोकुळला वाटलं विषय संपला. चौथ्या दिवशी चुलीवर उत्तमरावाच्या बायकोकडचं दुसरं खापर पालथं होतं आणि जयमाला एका साखरपुड्याचे मांडे पसरत होती.

त्यानं ते फोडलं नाही. त्याला त्याहून बरं सुचलं. तो शांतपणे तिच्याजवळ बसला, तिचा डावा हात मनगटाशी धरला आणि तळवा तापलेल्या खापरावर दाबला. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दारं उघडली, आणि कुणाच्या घरातला आवाज आहे हे कळल्यावर पुन्हा लागली. भल्या माणसांची वस्ती ती, भल्या माणसाच्या घरात कशाला तोंड घालेल!

मनकर्णाबाई तिथंच डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मांडा पाह्य, जळून राह्यला."

जयमालाला त्या क्षणी नवऱ्यापेक्षा सासूचा जास्त राग आला. तो राग तिनं मनात जपून ठेवला, आणि का ठेवू नये? हीच बाई रोज तिच्या हातची भाकरी खात होती. हिच्याच डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं म्हणून जयमाला सोळा वर्षं घसा ताणून बोलत होती. लहानपणी तापात गेला कान, असं म्हातारी सांगायची. गोकुळनं हात उगारला की तिचं एकच ठरलेलं असायचं: "नवऱ्याचा हात हाय. लागतेच." गावातल्या मोठ्यांनी बसून समजूत घातली, तीही जयमालाची घातली. त्याची घालायचं कुणाला सुचलं नाही.

हाताला फोड आले, फुटले, कातडी गेली, नवी आली. जयमालानं एकट्या उजव्या हातावर मांडे फेकायची सवय केली. लोक मागत राहिले. लग्नसराई तोंडावर आली. आणि आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, गेलेल्यांचा सण. वैशाखाच्या उन्हात ज्याच्या घरचा बाप, आजा गेलेला असेल, त्याच्यासाठी नवी लाल घागर भरायची, गव्हावर मांडायची, तोंडावर खरबूज आणि आंबा ठेवायचा. दुपारी आमरस आणि मांड्याचं ताट दाखवायचं. तेवढ्या पाण्यावर गेलेल्या जिवाची वर्षभराची तहान भागते, अशी समजूत. ताट दुपारी बारालाच लागतं. उशीर चालत नाही, कारण त्या दिवशी जेवायला येणाऱ्याला थांबायला सांगता येत नाही.

वीस घरांनी जयमालाला मांडे सांगितले होते. आधी कधी एवढे सांगितले नव्हते. तिला पक्कं ठाऊक होतं, की आज एका घरच्या बापाचं ताट मांड्यावाचून राहिलं तर लग्नाची एकही मागणी तिच्याकडं येणार नाही. सोनाळ्यात पुढं तिला कुणी मांडेवाली म्हणणार नाही. मग तेच घर आणि तोच 'मंग'. आणि गोकुळनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "उद्या माह्या घरातून एक मांडा बाहेर गेला तं तुले पाह्यतो."

तो सकाळी बागेत गेला. दुपारपर्यंत यायचा नव्हता. जयमालानं अर्धं पुरण छायाकडं पाठवलं, तिथं तिसरं खापर तापत ठेवायला सांगितलं, आणि अर्ध्या मांड्यांना घरीच बसली. ओसरीत मनकर्णाबाईनं नवऱ्याची घागर भरली. अर्जुनराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवरच्या फोटोत तो फेट्यात होता आणि रागावलेला दिसत होता. म्हातारीनं घागरीला हळदकुंकू लावलं, खरबूज ठेवलं आणि खांबाला टेकून बसली.

गोकुळ बागेतून लवकर निघाला तो पाण्याची मोटर बिघडली म्हणून. पण घरी येताना पारावर रामरावनं त्याला थांबवलं. रामरावला कुणाच्या जखमेवर बोट ठेवल्याशिवाय सकाळचं पाणी पचत नाही.

"गोकुळभाऊ, यंदा आमच्या बापाले तुमच्या घरचा मांडा," तो म्हणाला. "जिंदगीभर तुमच्या बापाच्या पंगतीत खाली मान घालून जेवला बुढा. आता इकत घेऊन जेवून राह्यला. खूश होईन."

पारावरची माणसं हसली. गोकुळही हसला. ते हसू तोंडावर ठेवूनच तो घरापर्यंत आला आणि दारामागचं मुसळ घेतलं.

पहिला घाव चुलीवरच्या खापरावर पडला. तापलेले तुकडे आणि निखारे एकदम उसळले. एक तुकडा जयमालाच्या गालाला चिकटून खाली पडला. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं. तयार मांड्यांची टोपली त्यानं लाथेनं उडवली. मांडे राखेत पडले, तो त्यांच्यावर चढला आणि पायांनी तुडवू लागला.

"इक," तो म्हणत होता. "इक आता. इक."

एरवी अशा वेळी जयमाला डोकं गुडघ्यांत घालून बसायची. तसं बसलं की मार लवकर संपतो, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. पण तुडवलेले मांडे बघून तिचं काहीतरी बिनसलं. तिनं चुलीतलं फुललेलं लाकूड ओढलं आणि त्याच्या पिंढरीवर टेकवलं. मांस जळल्याचा वास आला. तो ओरडला, वळला. ती उलटेल हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तिच्या हातून लाकूड सुटलं, ती मागं सरकत ओसरीच्या कडेपर्यंत गेली, आणि त्यानं दोन्ही हातांनी मुसळ डोक्याच्या वर नेलं. तो घाव बसला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. ती बाजूला पडली. मुसळ तिच्या मागच्या घागरीवर आलं.

घागर एकाच घावात फुटली. खरबूज गडगडत उंबऱ्याशी गेलं. पाणी गव्हातून, कुंकवातून, राखेतून वाट काढत साऱ्या ओसरीभर झालं आणि गोकुळच्या पायांपर्यंत आलं.

त्याच्या हातातून मुसळ गळालं. आखाजीच्या दिवशी पोटच्या पोरानं बापाची भरलेली घागर फोडली. याच्याइतकं वाईट त्या गावात दुसरं काही नव्हतं. बायकोचा जबडा, पाठ, तळहात या सगळ्यांवर कानाडोळा करणारं गाव या पाण्यावर करणार नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माय," तो म्हणाला. "चुकून झालं व."

मनकर्णाबाई उठली. जयमालाच्या हातून पडलेलं लाकूड तिनं उचललं. एका टोकाला ते अजून लाल होतं.

"बापाचं पानी सांडलं तू," ती म्हणाली आणि त्याच्या मनगटावर हाणलं.

गोकुळनं हात मागं घेतला नाही. तो गुडघ्यांवर बसला, मान खाली घातली. आईचा तो हक्कच होता. दोन फटके त्यानं मुकाट्यानं घेतले. तिसऱ्याला हाड वाजलं. त्यानं वर बघितलं.

म्हातारीचे डोळे त्याच्यावर नव्हतेच.

"हा माह्या कानाचा," ती म्हणाली आणि मारलं. "हा मोडलेल्या बोटाचा. हा पोरगी पोटात होती, पडली, त्याचा. अर्जुन्या, हा त्याचा. तिले पुरू बी नाई देलं मले तू, अर्जुन्या."

लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली होती. त्यात नऊ-दहा वर्षं रंडकी होऊन गेली. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, जिवंतपणी नाही, मेल्यावर नाही. आता ते नाव ती फटक्यागणिक घेत होती. लाकूड विझलं तरी ती मारत होती. गोकुळ आडवा झाला, त्यानं हात डोक्यावर घेतले, बायको घ्यायची तसे गुडघे पोटाशी घेतले. कपाळ फुटून रक्त त्या पाण्यात मिसळलं. "माय, मी हावो. मी गोकुळ हावो," तो ओरडत होता. तो म्हातारीच्या बहिऱ्या बाजूला होता.

जयमाला भिंतीला धरून उभी होती. खरं सांगायचं तर ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला थांबवायची घाई नव्हती. त्या माणसानं तिची पाठ फोडली होती, हात भाजला होता, आणि आता तो तिच्यासारखाच ओरडत होता. तिला ते बरं वाटलं. त्याबद्दल तिला कधी लाज वाटली नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

मग उन्हाची तिरीप ओसरीच्या पायरीवर आलेली तिनं बघितली. अकरा वाजून गेले असणार. ती पुढं झाली आणि धड हातानं सासूचं मनगट धरलं.

"आत्याबाई," ती तिच्या उजव्या कानात म्हणाली, "मांडे राह्यले."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. जरा वेळानं तिला सून ओळखू आली. तिनं लाकूड खाली टाकलं.

घरचं वाचलेलं पुरण घेऊन दोघी छायाकडं आल्या. तिथं तिसरं खापर तापून तयार होतं. जयमालानं कणकेचा गोळा घेतला, पण खांदा वर जाईना. हात कोपरातच लोंबत राहिला. तिचे डोळे भरून आले. एवढा मार खाल्ला तेव्हा आले नव्हते.

"सरक," मनकर्णाबाई म्हणाली.

म्हातारी चुलीपुढं बसली. हाताला रक्त होतं, ते तिनं तांब्यातल्या पाण्यानं धुतलं, लुगड्याला पुसलं. मांडा तिच्या हातांवर झेपावला आणि कोपरापर्यंत आला, पातळ, एकसारखा, कुठंही न फाटता. जयमाला एका हातानं पुरण भरत गेली, छाया टोपल्या घेऊन पळत राहिली. बारा वाजायच्या आत विसाव्या घरी मांडे पोचले. ते घर रामरावचं होतं.

गोकुळचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात त्यानं संत्र्याच्या झाडावरून पडलो असं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, जशी ते जयमालाच्या 'मोरीत घसरली'वर हलवायचे. त्यानंतर त्यानं बायकोवर हात टाकला नाही. घागर कुणी फोडली हे गावाला कळलेलं नव्हतं, आणि ते सांगणारी म्हातारी रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होती.

पण त्या दिवशी दुपारी, शेवटची टोपली गेल्यावर, उत्तमराव घाईघाईनं छायाच्या दारात आला. घागर फुटली एवढंच छायानं त्याला कळवलं होतं. त्याच्याकडं विकून उरलेली एकच घागर होती, ती त्यानं डोक्यावर आणली होती.

"मनकर्णाबाई, घ्या लवकर," तो म्हणाला. "भरून मांडा. ऊन डोक्यावर आलं, अर्जुनराव खोळंबले असतीन."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. शेवटचा मांडा खापरावरून उतरवला, चार घड्या घातल्या आणि जयमालाच्या हातावर ठेवला.

"तू खाय व पोरी आधी," ती म्हणाली. मग दाराकडं न बघताच उत्तमरावाला म्हणाली, "वापस ने ते घागर. यंदा राहू दे त्याले तहानलेला."